गिरवताना सुंदर, कोऱ्या ओळीत कोरं: ठिपक्यांवर अडकलेल्या अक्षरांची दुरुस्ती

बालवाडी आणि पहिलीच्या मुलांबद्दल एक तक्रार सारखी ऐकू येते. गिरवायच्या वहीत पानंच्या पानं भरलेली असतात, ठिपक्यांवरून रेघ फारशी सरकलेलीही नसते. पण शेजारी कोरी ओळ देऊन "आता इथे ग काढ" म्हटलं की मूल पेन्सिल टेकवून नुसतं बसून राहतं. नाहीतर खालून वर काहीतरी ओढतं, नाहीतर आईकडे बघून म्हणतं, "तू ठिपके काढून दे ना." मग घरात आणखी एक गिरवायचं पुस्तक येतं आणि दोन महिन्यांनी तक्रार जिथल्या तिथे असते.

गिरवण्यात वाईट काही नाही. चूक होते ती गिरवण्यावरच थांबण्यात. 'कित्ता गिरवणे' हा शब्दप्रयोग आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. कित्ता म्हणजे वळणदार हातानं घालून दिलेला नमुना. त्यावरून हात फिरवायचा आणि मग तो नमुना बघून खाली स्वतः उतरवायचा, अशी ती दोन कामं आहेत. बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत पहिल्या कामाला पान भरून जागा असते आणि दुसऱ्याला तळाशी एखादी ओळ, तीही बऱ्याचदा नसते. मूल ज्या कामाचा सराव करतं तेच त्याला येतं. ठिपक्यांवरून जाण्याचा सराव केला, तर ठिपक्यांवरून जाणं येतं.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघा

एक कोरा, बिनरेघी कागद घ्या, एक पेन्सिल घ्या आणि दहा मिनिटं काढा. मुलाला 'येतं' असं समजलं जाणारं एकच अक्षर निवडा, ग किंवा क चालेल. त्याच अक्षराची चार कामं क्रमानं द्या. पहिलं, ठिपक्यांवर तीनदा गिरवणं. दुसरं, तुम्ही साधारण चार सेंटिमीटर उंचीचं अक्षर काढायचं आणि मुलानं ते बघून शेजारी उतरवायचं. तिसरं, तुमचं अक्षर हातानं झाकायचं आणि मुलानं आठवून काढायचं. चौथं, कागद उलटायचा आणि नुसतं तोंडी सांगायचं, "ग काढ."

हे चालू असताना टोकू नका, खोडरबर समोर ठेवू नका आणि कागदाकडे न बघता पेन्सिलीच्या टोकाकडे बघा. टोक कुठे टेकलं, कोणत्या दिशेनं गेलं, किती वेळा उचललं, एवढंच टिपून ठेवा. पूर्ण झालेल्या अक्षरावरून यातलं काहीच कळत नाही, आणि घोटाळा सगळा तिथेच असतो.

पहिल्या कामातच मूल खालून वर जात असेल किंवा ठिपक्या-ठिपक्यावर थबकत असेल, तर हाताला अक्षराची चाल मिळालेलीच नाही. दुसरं काम, म्हणजे बघून उतरवणं, जमत नसेल तर अक्षरं जरा लवकर सुरू झाली आहेत. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. दुसरं जमतं आणि तिसरं अडतं, तर ठिपक्यांची सवय मोडायची आहे. ही सगळ्यांत जास्त आढळणारी अवस्था. आणि तिसरं जमून चौथं अडत असेल, तर हा हस्ताक्षराचा प्रश्नच नाही. हाताला आकार येतो, पण 'ग' हा आवाज आणि तो आकार यांची गाठ पडलेली नाही. अशा मुलाला आणखी गिरवायला देऊन काही उपयोग नाही. गवत, गाय, गूळ म्हणत अक्षर ओळखायचे खेळ घ्या.

चारही कामं जमतात, पण अक्षर थरथरतं किंवा हात लगेच दुखतो, तर बसणं, पकड आणि दाब तपासा.

ठिपके नेमकं काय बिघडवतात

'क' जवळून बघू. सरळ चालीत आधी दंडाच्या डावीकडचा गोल, मग वरून खाली उभा दंड, मग दंडाच्या मध्यावरून निघून उजवीकडे झुकणारी शेपटी आणि शेवटी शिरोरेघ. ठिपक्यांवर मूल काय करतं? त्याला पंचवीस-तीस ठिपके दिसतात. ते जवळच्या ठिपक्यापासून निघतं, बऱ्याचदा तळापासून, कारण हात तिथेच टेकलेला असतो. दंड खालून वर, तिथूनच न उचलता शिरोरेघ, मग शेपटीच्या टोकापासून उलटं आत येत गोलात शिरतं. सगळे ठिपके जोडले गेले, क दिसला, ताईंनी शेरा दिला. आता ठिपके काढून घ्या. हाताला आठवायला काहीच नाही, कारण प्रत्येक वेळी वाट वेगळी होती. कोऱ्या कागदावर मग गोल एकीकडे, दंड दुसरीकडे आणि शेपटी हवेत लटकलेली असा क येतो.

दुसरं म्हणजे ठिपक्यांमुळे हात थांबत थांबत जातो. अक्षराचं वळण सलग हालचालीतून येतं. अर्धा सेंटिमीटर गेलं की नजर पुढचा ठिपका शोधते, हात वाट बघतो, पुन्हा निघतो. गोलाचा बहुकोन होतो तो यामुळेच.

खाचांची पुस्तकं ही तर याच्याही पुढची अडचण. त्यात अक्षर कागदात कोरलेलं असतं, सोबतचं पेन खाचेत पडतं आणि खाचच त्याला ओढत नेते. मुलाला मजा येते, शाई उडून जाते म्हणून पुस्तक पुन्हा पुन्हा वापरता येतं, आणि विकतही भरपूर घेतली जातात. पण दिशा सांभाळण्याचं काम हात करतच नाही. घरात असेल तर चाल दाखवायला पहिले दोन दिवस वापरा आणि मग कपाटात ठेवा. मोबाइल आणि टॅबलेटवर गिरवण्याची अडचण निराळी आहे. काचेवर बोट सुळकन सरकतं, पेन्सिलीसारखा विरोध लागत नाही, आणि पुष्कळ ॲप कोणत्याही दिशेनं रंग भरला तरी शाबासकी देतात. खालून वर ओढून बघा. तरीही टाळ्या वाजल्या तर ते ॲप या कामाला नको.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. अजून वाचायला न शिकलेल्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना काही अक्षरं स्वतः लिहायला, काही गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला दिली. नंतर तीच अक्षरं बघताना मुलांच्या मेंदूची चित्रं घेतली. वाचनाशी संबंधित भाग स्वतः लिहिलेल्या अक्षरांच्या वेळी जसे जागे झाले, तसे गिरवलेल्या किंवा टंकलेल्या अक्षरांच्या वेळी झाले नाहीत. अक्षरं रोमन होती, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. मूल स्वतः काढतं तो ग वेडावाकडा असला, तरी शिकणं त्यातच घडतं.

दुरुस्ती: ठिपके एकदम काढू नका, विरवत न्या

छापील पान बाजूला ठेवा. फिकट पिवळा स्केचपेन किंवा हायलायटर घ्या आणि मुलाच्या डोळ्यांदेखत, सावकाश, बोलत अक्षर काढा. छापील ठिपक्यांत न मिळणारी गोष्ट इथे मिळते: मुलाला अक्षर घडताना दिसतं. जाड सलग पिवळी रेघ ही चालायला रस्त्यासारखी असते. तिच्यावरून पेन्सिल सलग फिरते आणि थोडी इकडेतिकडे गेली तरी रस्त्यातच राहते.

बोलणं दर वेळी तेच ठेवा. ग साठी: "वरून खाली ये, डावीकडे गाठ. उचल. उभा दंड, वरून खाली. उचल. डोक्यावर रेघ." आधी तुम्ही म्हणायचं, मग दोघांनी, मग मुलानं एकट्यानं. काही दिवसांनी ते पुटपुटायला लागतं आणि पुढे पुटपुटणंही थांबतं. तोवर चाल हातात उतरलेली असते.

मोठ्या चौकटींची वही घ्या किंवा कोऱ्या कागदावर अडीच सेंटिमीटरची घरं आखा, एका ओळीत सहा. पहिल्या दोन घरांत पूर्ण पिवळं अक्षर. तिसऱ्यात अर्धंच, म्हणजे ग चा डावा भाग पिवळा आणि दंड व शिरोरेघ मुलानं घालायची. चौथ्यात फक्त सुरुवातीचा एक हिरवा ठिपका. पाचवं आणि सहावं घर कोरं, आणि सहाव्याच्या वेळी आधीची घरं कागदाच्या पट्टीनं झाकायची. म्हणजे प्रत्येक ओळ गिरवण्यापासून निघून स्वतःच्या अक्षरावर संपते. अशा तीन ओळी म्हणजे अठरा अक्षरं. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला एका दिवसाला तेवढी पुरेत, दहा मिनिटांच्या आत होतात.

शेवटच्या घरांत पाचपैकी चार वेळा चाल बरोबर आली की दुसऱ्या आठवड्यात घरांची वाटणी बदला: एक पिवळं, एक ठिपक्याचं, चार कोरी. चाल बरोबर म्हणजे सुरुवातीची जागा, दिशा आणि क्रम. सुबकपणा आत्ता मोजू नका. गाठ मोठी झाली, दंड तिरका झाला, चालू द्या. वेडंवाकडं पण योग्य चालीनं काढलेलं अक्षर सरावानं सुधारतं. सुबक पण उलट्या चालीचं अक्षर पुढे वेग वाढला की मोडतं, आणि तिसरी-चौथीत ती सवय सोडवणं फार जड जातं.

चालीच्या क्रमाबाबत एक गोष्ट सांभाळा. मराठी अक्षरात साधारणपणे डावा भाग, मग दंड, मग शिरोरेघ असा क्रम शिकवतात. पण मुलाच्या शाळेत ताई वेगळा क्रम घेत असतील, तर घरी तोच धरा. दोन क्रमांत कोणता श्रेष्ठ हा वाद मुलाच्या वहीवर नको.

खोडरबर महिनाभर लांब ठेवा. खोडण्यात मुलाचा अर्धा वेळ जातो, कागद फाटतो आणि चुकलेलं अक्षर तुम्हालाही दिसत नाही. त्याऐवजी ओळ संपली की मुलालाच विचारा, "यातला तुला सगळ्यांत आवडलेला ग कोणता?" त्याभोवती त्यालाच गोल करू द्या. मुलं बहुधा अचूक निवडतात.

पेन्सिलीच्या आधीचं गिरवणं

बघून उतरवण्यातच मूल अडत असेल, तर त्याला आधी साधे आकार देऊन बघा. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकचं चिन्ह, तिरक्या रेघा, चौकोन, फुली, त्रिकोण, साधारण याच क्रमानं मुलांना ते बघून काढता येऊ लागतात. गोल तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतो, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, तिरक्या रेघांची फुली आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आगेमागे. ब आणि ष च्या पोटातली तिरकी रेघ ज्या मुलाला सुटी काढता येत नाही, त्याला ब पन्नासदा गिरवायला लावणं हा निव्वळ छळ आहे. त्याला पतंगाच्या शेपट्या, पावसाच्या तिरक्या धारा, डोंगराचे उतार काढू द्या.

या वयात बोटानं गिरवणं पेन्सिलीपेक्षा जास्त कामाचं. साधारण तीस सेंटिमीटरच्या परातीत दीडशे ग्रॅम बारीक रवा पसरला की तीनेक मिलिमीटरचा थर बसतो. त्यात बोट फिरवलं की तळ स्पष्ट दिसतो. थर याहून जाड झाला तर रवा कडेनं ढासळून अक्षर बुजतं, म्हणून डबाभर रवा ओतू नका. परात चकचकीत असेल तर तळाशी गडद रंगाचा कागद घाला. रांगोळी वापरू नका. ती बारीक दगडाची भुकटी असते, डोळ्यांत आणि नाकात जाते.

खरखरीत अक्षरं घरी करता येतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, आठ ते दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर कापा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. मारिया माँटेसरींच्या पद्धतीतली ही अक्षरं तर्जनी आणि मधलं बोट जोडून गिरवतात. अक्षर कापताना रेघेची जाडी दीड सेंटिमीटर तरी ठेवा, नाहीतर दोन बोटं मावत नाहीत. सुरुवातीच्या जागी हिरवी टिकली लावली की मूल दर वेळी तिथूनच निघतं. महाराष्ट्रात तर याला महागडं साहित्य लागतं अशी सबबही उरत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडला बहरलं, आणि तिथे बालवाडीचं साहित्य भोवताली मिळणाऱ्या वस्तूंतून उभं राहिलं. चिंचोक्यांची रांग लावून केलेला ग हाही गिरवण्याचाच प्रकार आहे.

त्यानंतर पाटी. दगडी पाटीला पेन्सिलीचा विरोध चांगला लागतो आणि हाताला रेघेची जाणीव होते. गुळगुळीत पांढऱ्या बोर्डावर मार्कर निसटतो, म्हणून नियंत्रण शिकायला तो बरा नाही. पाटीवर अक्षर पाच सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. ओल्या बोटानं अक्षर काढायचं आणि वाळण्याआधी खडूनं तेच गिरवायचं, हा खेळ मुलं न कंटाळता करतात.

भ चा म, घ चा ध

गिरवताना न दिसणारी आणि लिहिताना हमखास उफाळणारी ही गडबड. म-भ, घ-ध, य-थ या तिन्ही जोड्यांत एकच खूण आहे आणि ती नेमकी सांगितली तर निम्मा गोंधळ जातो. म, घ, य यांच्या डोक्यावरची रेघ अखंड आहे. भ, ध, थ यांची सुरुवात डाव्या कोपऱ्यात छोट्या गोल वळणानं होते आणि तिथे शिरोरेघ तुटते. मुलाला सांगताना "भ च्या डोक्यावर खिडकी उघडी आहे" म्हणा आणि तेवढाच भाग लाल पेन्सिलीनं गिरवून घ्या. अक्षराचा बाकी भाग त्या दिवशी तुम्हीच काढून द्या. गोंधळ जिथे आहे तेवढंच गिरवायचं.

ग म भ न हा आपल्याकडचा जुना, सर्वांना पाठ असलेला क्रम. गाठ आणि दंड यांवर हात बसवायला तो चांगला आहे. पण म आणि भ एकमेकांत मिसळणाऱ्या मुलासाठी भ दोन आठवडे पुढे ढकलायला हरकत नाही. म डोळे मिटून येऊ लागला की मग भ आणा. व-ब-क, प-ष-फ, ट-ठ-ढ-द यांचंही तसंच: कुटुंबातलं एक अक्षर पक्कं, मग दुसरं.

ख ची अडचण वेगळी. मूल र आणि व सुटे काढतं आणि 'खण' चा 'रवण' वाचला जातो. र ची खालची शेपटी व च्या तळाला नेऊन जोडायची, हे गिरवतानाच शिकवा. ३ आणि ६ उलटसुलट होणं, एखादं अक्षर आरशातल्यासारखं उमटणं, हे सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांत दिसतं. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका. सुरुवातीचा हिरवा ठिपका परत आणा, पुरतं.

अक्षर ओळीवर बसत नाही, कारण ते बसायचंच नसतं

इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांची ही नेहमीची गडबड आहे. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. मूल एका तासाला ए-बी-सी खालच्या रेघेवर उभं करून येतं आणि मराठीच्या तासाला ग लाही खालून वर उभारतं. शिरोरेघेला जागा उरली तर ती लागते, नाहीतर पुढच्या ओळीत घुसते. "मराठीची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी" एवढं सांगितलं की मुलाला पटतं. दुरेघी वहीची वरची रेघ रंगीत करून द्या. दोन रेघांच्या मध्ये अक्षर, वरच्या मोकळ्या जागेत मात्रा आणि वेलांटीचं वळण, खालच्या जागेत उकार, हे त्याला एकदा बोटानं दाखवा.

शिरोरेघ सुट्या अक्षराला शेवटी द्या, आणि शब्द आला की सगळी अक्षरं काढून झाल्यावर एकदाच डावीकडून उजवीकडे. प्रत्येक अक्षराची वेगळी रेघ काढली की 'कमळ' ची तीन सुटी अक्षरं दिसतात आणि वाचतानाही मूल अडखळतं. मोडी लिहिणारे पानभर रेघ आधी ओढून घेत आणि मग अक्षरं तिला टांगत. बाळबोधात, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, तसं केलं तर भ, ध, थ च्या खिडक्या बंद होतात.

छापील पानावरचा ल तुमचा आहे का

इंटरनेटवरून उतरवलेल्या गिरवण्याच्या पानांवर ही चूक फार आहे आणि ती लक्षातही येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे. संगणकावरचे पुष्कळ टंक मात्र हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा ल आणि हिंदी वळणाचा श दाखवतात. काही टंकांत ५, ८ आणि ९ हेही उत्तरेकडच्या वळणाचे असतात. मूल घरी दंडाचा ल गिरवतं, शाळेत फळ्यावर पाकळ्यांचा ल बघतं, आणि दोन्ही मिसळून तिसरंच काहीतरी काढतं. दोष मुलाच्या हातात नसतो. छापण्याआधी ही पाच अक्षरं-अंक शाळेच्या पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा. जुळत नसतील तर ते पान सोडा आणि पिवळा स्केचपेन उचला.

पकड, दाब, बसणं

हे थोडक्यात, कारण यावर उगाच जास्त लक्ष दिलं जातं. चार वर्षांच्या मुलानं चार बोटांत पेन्सिल धरली तरी चालते. पाच पूर्ण झाल्यावरही मुठीत धरत असेल, तर पेन्सिल लहान करा: पाच सेंटिमीटरचा तुकडा, किंवा दोन सेंटिमीटरचा खडू. एवढासा तुकडा मुठीत धरून लिहिताच येत नाही, बोटं आपोआप टोकाकडे येतात. शेवटची दोन बोटं मोकळी फडफडत असतील तर त्यांत एक चिंचोका दाबून धरायला द्या. शेजारी तुम्ही बसलेले असाल तेव्हाच, म्हणजे तो तोंडात जाणार नाही.

रेघ फिकी येते तेव्हा एचबीऐवजी २बी पेन्सिल द्या किंवा कागदाखाली कार्बन ठेवून "खालच्या कागदावर उमटलं का बघू" म्हणा. उलट मागच्या पानावर खड्डे पडत असतील तर वहीखाली जाड रुमाल घाला. जोर दिला की कागद भोसकला जातो, हे मुलाला स्वतःच कळतं. बोटांची ताकद शेंगा सोलणं, कणीक मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, फुलं ओवणं यांतून वाढते. गिरवण्यातून ती वाढत नाही.

खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा खोकं ठेवा. जमिनीवर मांडी घालून बसणार असेल तर समोर चौरंग हवा, कोपराच्या उंचीचा किंवा त्याहून बोटभर वर. मांडीवर वही घेऊन वाकलेल्या मुलाचा खांदा आधी दमतो.

डावखुऱ्या मुलासाठी तीन बदल पुरतात, पण ते कराच. वहीचं वरचं टोक उजवीकडे कलतं ठेवा आणि पेन्सिल टोकापासून तीन सेंटिमीटर वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. आणि नमुना अक्षर ओळीच्या उजव्या टोकाला काढा. छापील पानांवर ते डावीकडे असतं आणि डावखुरं मूल ते स्वतःच्या मनगटानं झाकून बसतं. सुट्या अक्षराची शिरोरेघ त्यानं उजवीकडून डावीकडे ओढली तर ओढू द्या. हात बदलायला लावू नका.

इतकं करूनही अडतंय

रोज दहा मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, असं सहा ते आठ आठवडे नेमानं करूनही पाच वर्षांचं मूल एकही अक्षर आठवून काढू शकत नसेल, तर सराव वाढवू नका. आधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं किंवा वहीतलं अंधुक दिसणारं मूल ते बोलून दाखवत नाही, त्याला सगळ्यांनाच तसं दिसतं असं वाटतं. बटणं लावणं, चमच्यानं जेवणं, चेंडू झेलणं हेही समवयस्कांपेक्षा बरंच अवघड जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. ते गरज असल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या कामांतल्या हालचाली सुधारायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवतील. जाताना त्या दहा मिनिटांच्या चाचणीचा कागद आणि टोक कुठे टेकलं, कसं गेलं याची तुमची टिपणं बरोबर न्या. तारीख घातलेले असे दोन-तीन कागद असतील तर तपासणाऱ्याला ते गिरवलेल्या दहा वह्यांपेक्षा जास्त सांगतात.